बाहेर अडकला असाल तर एक दाबा

अडकलेली कुलपे उघडून देणे आणि हरवलेल्या किल्ल्यांच्या जागी नव्या करून देणे हा आमचा कौटुंबिक व्यवसाय आहे. खाली दुकान, वर घर, मध्ये अठरा पायऱ्या. हा व्यवसाय चाळीस वर्षे जमिनीवर चालला आणि गेल्या वर्षी त्याने ढगात, म्हणजे संगणकवाल्यांच्या क्लाउडमध्ये, जायचे ठरवले. इतर लहानमोठ्या व्यवसायांना या मार्गाची ओळख व्हावी म्हणून एक परिचयपर पुस्तिका काढायचे ठरले आणि ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझी पात्रता एवढीच की मी मालकांचा, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांचा, मेव्हणा आहे आणि माझे अक्षर बरे आहे. अक्षराचा ढगाशी काय संबंध, असे मी विचारले नाही. मेव्हण्याने फार विचारू नये.

आधी आमची जुनी पद्धत सांगतो, म्हणजे तिच्यातला मागासलेपणा ध्यानात येईल. फोन वाजायचा. दुकानाचे जुने कारागीर किल्लीमामा तो उचलायचे. "कोण बोलतंय? कुठलं कुलूप? किल्ली उलटी फिरवून बघितलीत का?" एवढे विचारून ते पिशवी खांद्याला अडकवायचे आणि चालू पडायचे. मामा भाऊजींच्या वडिलांच्या वेळेपासून दुकानात. कुणाच्या दाराला कुठले कुलूप आहे, ते कधी बसवले, कुठल्या घरातले कोण किल्ली विसरते आणि कोण मुद्दाम विसरते, हे सगळे त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही. त्यात काही चुकते आहे असे भाऊजींना कधी वाटले नाही. सल्लागार येईपर्यंत.

सल्लागारांनी तीन दिवस दुकानात बसून आमचे निरीक्षण केले. चौथ्या दिवशी त्यांनी भाऊजींना बाजूला घेतले आणि दबक्या आवाजात सांगितले, "तुमच्याकडे मोनोलिथ आहे."

भाऊजींनी चटकन पाय वर घेतले. मागे एकदा दुकानात उंदीर निघाले होते.

"मोनोलिथ म्हणजे एकच मोठा धोंडा," सल्लागार म्हणाले. "सगळं काम त्याच्याच पोटात. उद्या तो आजारी पडला तर धंदा बसला म्हणून समजा."

सगळ्यांनी किल्लीमामांकडे पाहिले. ते खाली मान घालून कानस चालवत होते.

"यावर उपाय म्हणजे क्लाउड नेटिव्ह सॉफ्टवेअर," सल्लागार पुढे म्हणाले. "नेटिव्ह म्हणजे मूळ रहिवासी. बाकीचे लोक आपलं जुनंपुराणं सॉफ्टवेअर उचलून ढगात नेऊन ठेवतात. ते बिचारं तिथे पाहुण्यासारखं अवघडून राहतं. आपलं ढगातच जन्मेल, ढगातच वाढेल. त्याला जमीन म्हणजे काय हे ठाऊकच नसेल."

"मग ते खाली कधी येतं?" मामांनी मान वर न करता विचारले.

"खाली यायची त्याला गरज पडत नाही."

"कुलूप तर खालीच असतं," मामा म्हणाले. त्यांचे बोलणे कुणी टिपून घेतले नाही.

मग आम्हाला ढगाची तत्त्वे शिकवण्यात आली. पहिले तत्त्व डब्यांचे. एकाच माणसाने सगळे करायचे नाही. कामाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या डब्यात, म्हणजे वेगळ्या छोट्या प्रोग्रामात, ठेवायचा. फोन ऐकणारा डबा वेगळा, पत्ता तपासणारा वेगळा, कारागीर पाठवणारा वेगळा. एका डब्यात काय चालले आहे हे दुसऱ्याला कळता कामा नये, यालाच शिस्त म्हणतात. "आमच्या भावकीत असंच आहे," भाऊजी म्हणाले, आणि त्यांना पहिल्यांदाच हा विषय आपल्या आवाक्यातला वाटला.

दुसरे तत्त्व विसरण्याचे. डब्याने मागचे काही लक्षात ठेवायचे नाही. लक्षात ठेवणारा डबा बंद पडला तर लक्षात ठेवलेले बुडते; कुणीच काही लक्षात ठेवले नाही तर बुडायला काही उरतच नाही. मला हे इतके पटले की त्या दिवशी मी ताईने सांगितलेली दोन कामे विसरलो.

तिसरे तत्त्व फुगण्याचे. फोन वाढले की फोन ऐकणारे डबे आपोआप वाढतात, फोन कमी झाले की आपोआप नाहीसे होतात. आणि चौथे, एकाच दाराचे. बाहेरून येणारा प्रत्येक निरोप एकाच प्रवेशद्वारातून आत आला पाहिजे. त्यासाठी दुकानाचा फोन, भाऊजींचा मोबाइल, ताईचा आणि माझाही, असे सगळे नंबर त्या एका दाराकडे वळवण्यात आले. कुणीही कुणालाही फोन केला की आधी ढग उचलणार होता.

राहता राहिले किल्लीमामा. त्यांना काढून टाकणे बरे दिसले नसते. सल्लागारांनी त्यांना 'वारसा प्रणाली', म्हणजे जुनी पण अजून फेकता न आलेली व्यवस्था, असे पद दिले, तसा बिल्ला छातीवर लावला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवले. हातात कानस होती, पण कानशीला किल्ली नव्हती. मला मात्र 'ताणनिरीक्षक' करण्यात आले. ढगावर किती ताण येतो आहे हे एका लहान पडद्यावर बघत बसायचे, आणि बघितल्याची नोंद करायची.

उद्घाटन एका मंगळवारी सकाळी अकराला ठरले. ताई कामासाठी परगावी गेली होती. खाली तीसेक पाहुणे, खुर्च्या, कॉफी, बिस्किटे, आणि समोरच्या भिंतीवर एक अवाढव्य पडदा. पडद्यावर एक आडवी रेघ होती. फोन येतील तशी ती वर चढणार होती. समारंभात कुणाचा मोबाइल वाजू नये म्हणून सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत जमा केले होते. भाऊजींनी फीत कापली, सल्लागारांनी बटण दाबले, आणि पुढे सात मिनिटे काहीच झाले नाही. रेघ आडवीच. लोक कुलपे नीट लावतात आणि किल्ल्या जपतात, याचा भाऊजींना इतका राग आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

अकरा वाजून सात मिनिटांनी रेघ हलली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या लहान पडद्यावर पाहिले. तिथे बोलणे अक्षरांत उमटत होते.

"नमस्कार. आपण घराबाहेर अडकला असाल तर एक दाबा. गाडीबाहेर अडकला असाल तर दोन दाबा. तिजोरीबाहेर अडकला असाल तर तीन दाबा."

"अरे, मी आत अडकलेय. बाथरूममध्ये. दार उघडत नाहीये."

"क्षमा करा. आपली निवड समजली नाही. आपण घराबाहेर अडकला असाल तर एक दाबा."

"बाहेर नाही रे, आत! मी आई बोलतेय. वरून!"

त्या भाऊजींच्या आई होत्या. मीही त्यांना आईच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, डावा गुडघा कामातून गेलेला, आणि बंद जागेत जीव घाबरतो म्हणून त्या कधी लिफ्टमध्येही चढत नाहीत. रक्तदाबाची अकराची गोळी ओट्यावर पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलेली असते. बाथरूममध्ये मोबाइल न्यायची सवय त्यांना ताईने लावली होती, पाय घसरला तर हाक मारता यावी म्हणून. पडद्यावर ग्राहकाची बॅटरीही दिसत होती. ती अकरा टक्के होती.

इथे आमच्या हातून काय राहून गेले होते ते सांगायला हवे. चाळीस वर्षांत आमचा ग्राहक नेहमी कुलपाच्या बाहेरच उभा होता. ढगासाठी सगळ्या शक्यता लिहून काढताना भाऊजी, ताई, सल्लागार आणि मी अशा चौघांनी तीन दिवस डोके खाजवले. घर लिहिले, गाडी लिहिली, तिजोरी लिहिली, पण दाराला दुसरीही बाजू असते हे कुणाला सुचले नाही. मामांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. पण मामा धोंडा होते आणि धोंड्याला कुणी विचारत नाही.

आईंनी शेवटी एक दाबले.

"धन्यवाद. आपण घराबाहेर अडकला आहात. आपण सध्या नोंदणीकृत पत्त्यावर आहात का?"

"हो, घरातच आहे."

"आपण घरात असल्यामुळे आपण घराबाहेर अडकलेल्या नाहीत. समस्या सुटल्याबद्दल अभिनंदन."

फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला. या वेळी तो नव्या डब्याने उचलला आणि त्याला आधीचे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदाही सांगितले. मुलाचा नंबर लावला, माझा लावला, परगावी असलेल्या ताईचा लावला. दार एकच असल्यामुळे प्रत्येक वेळी तोच नमस्कार ऐकू आला. इतके फोन येताहेत हे पाहून ढग फुगला. फोन ऐकणारे डबे दोनाचे चार झाले, चाराचे नऊ, नवाचे एकवीस. समोरच्या भिंतीवरची रेघ अशी चढली की पुढच्या रांगेतले पाहुणे उभे राहिले.

"बघा!" भाऊजी माइकवर ओरडले. "पहिल्याच तासात एकवीसपट मागणी!"

कोपऱ्यातला पाण्याचा पाइप ठकठक वाजत होता. वरच्या बाथरूममधून तो खाली येतो.

मी उठून सल्लागारांच्या कानाशी लागलो. "अहो, ते सगळे फोन एकाच बाईचे आहेत. वर आई बाथरूममध्ये अडकल्यात."

"वा!" ते म्हणाले. "म्हणजे खरा ताण! मला वाटलं खोटा तयार करावा लागेल."

"मी वर जाऊन दार बघू का?"

"अजिबात नाही. तुम्ही हात घातलात तर प्रणाली शिकणार कशी? तिला चुकू द्या, पडू द्या, आपोआप उठू द्या. अठरा पायऱ्या चढणं हे काही वाढवता येण्याजोगं उत्तर नाही. उद्या एक लाख आया अडकल्या तर किती पायऱ्या चढाल?"

एक लाख आयांचा हिशेब माझ्या आवाक्याबाहेरचा होता. मी भाऊजींकडे गेलो. ते पाहुण्यांशी हस्तांदोलन करत होते. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, एवढे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मग त्यांनी तीस पाहुण्यांकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले आणि माझा दंड धरला.

"घरच्या माणसाला रांगेतून पुढे घ्यायचं? या सगळ्यांसमोर? लोक म्हणतील, ढगातही वशिला चालतो. आणि बघ की, कारागीर निघालाय असं लिहिलंय."

खरोखरच लिहिले होते. एकवीस डब्यांपैकी एकाने, बहुधा वैतागून, तक्रार पुढच्या डब्याकडे ढकलली होती आणि कारागीर पाठवणाऱ्या डब्याने भाड्याचा कारागीर रवाना केला होता. तो आमच्या देखत दुकानावरून जिना चढून वर गेला. त्याच्याकडे बेल वाजवण्याचे काम सोपवलेले होते. त्याने ती दोनदा वाजवली, कुणी दार उघडले नाही, त्याने बंद दाराचा फोटो काढला, 'ग्राहक घरी नाही' अशी नोंद केली आणि खाली आला. जाताना त्याने एक बिस्कीट घेतले.

बॅटरी चार टक्के. "अरे, कुणीतरी माणूस आहे का रे तिथे?" असे शब्द माझ्या पडद्यावर उमटले. "आम्ही एकवीसजण आपल्या सेवेत आहोत," असे उत्तर उमटले. मी अठरा पायऱ्यांकडे पाहिले, मग माझ्या पडद्याकडे पाहिले. माझ्या पदाच्या वर्णनात पायऱ्या नव्हत्या. मी वेळ टिपली, ताण टिपला आणि सही केली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. तेव्हा मी कामात होतो.

अकरा सत्तावीसला रेघ एकदम खाली आली आणि शून्यावर टेकली. पडद्यावर हिरवी खूण उगवली. 'प्रलंबित तक्रारी : शून्य.'

"एकही तक्रार शिल्लक नाही!" सल्लागार म्हणाले. "वीस मिनिटांत शून्य!" पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. भाऊजींचे डोळे भरून आले. माझ्या पडद्यावर शेवटची ओळ होती, 'ग्राहकाची बॅटरी : शून्य.'

त्या टाळ्यांच्या कडकडाटात कोपऱ्यातून कानस फरशीवर पडल्याचा आवाज आला. किल्लीमामा उभे होते आणि पाइपकडे बघत होते.

"ठकठक थांबली," ते मला म्हणाले. "वर कोण आहे रे?"

"तक्रार क्रमांक एक ते चौसष्ट..."

"क्रमांक नाही विचारला. कोण आहे?"

"आई आहेत, मामा."

मामांनी स्टुलाखालून पिशवी ओढली. सल्लागार आडवे आले. "अहो, तुम्हाला हे काम सोपवलेलंच नाही. तुम्ही वारसा आहात!"

"वारसा असेन, बहिरा नाहीये," मामा म्हणाले आणि त्यांना हाताने बाजूला सारून जिना चढले. मी त्यांच्या मागे गेलो. मागे जायला मला नेहमीच जमते.

घराची किल्ली भाऊजींकडे खाली राहिली होती; दार मामांनी दोन तारांनी उघडले. बाथरूमच्या दाराला गोल मुठीचे कुलूप होते. मामांनी मुठीला कान लावला, हलकेच हलवून पाहिले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "वहिनी, मी आलोय. जीभ अडकलीय कुलपाची. दारापासून जरा मागे सरका." आतून काही ऐकू आले नाही. मग आईंचा अगदी बारीक आवाज आला, "एक दाबू का?" पत्र्याची पट्टी फटीत सरकली, कट् असा आवाज झाला आणि दार उघडले. हे सगळे दीड मिनिटात. आई उपड्या बादलीवर बसल्या होत्या. हातात मग होता, पाइपवर आपटून आपटून त्याचा कान तुटला होता. घामाने पदर भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी ओट्यावरची गोळी आणि पाणी आणून दिले. त्या दिवसातले माझे तेवढेच काम.

थोडा दम खाल्ल्यावर आई मामांचा हात धरून एकेक पायरी खाली उतरल्या. त्या भिंतीवरच्या हिरव्या खुणेकडे बघत राहिल्या.

"फोन कोण घेत होतं?" त्यांनी विचारले.

"एकवीसजण, आई," भाऊजी म्हणाले. अजूनही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "एका वेळी एकवीस!"

"त्यातला एक तरी वर यायचा होता." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे?"

"मी नोंद घेत होतो," मी म्हणालो. त्यांनी तुटक्या कानाचा मग माझ्या टेबलावर, लहान पडद्याच्या शेजारी ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

पुढच्या आठवड्यात आढावा बैठक झाली. ढगात आढावा दोषारोपाशिवाय घ्यायचा असतो. कुणालाही बोल लावायचा नाही, हा नियम. त्यामुळे सल्लागारांना बोल लागला नाही, भाऊजींना लागला नाही, मला तर नाहीच. पण अहवालात दोषाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. त्यात 'ग्राहकाने कुलपाचा वापर चुकीच्या बाजूने केला' असे भरले. त्याच बैठकीत ढगाने स्वतःहून दिलेला एक इशाराही वाचला गेला. कुठलेही काम सोपवलेले नसताना, तक्रारी शून्य असताना, एका इसमाने एका घराची दोन कुलपे उघडली होती. ढगाच्या भाषेत याला घरफोडी म्हणतात. किल्लीमामांना निलंबित करावे लागले. भाऊजींनी स्वतः जाऊन त्यांचा बिल्ला काढून घेतला. मामांनी तो आधीच पिशवीतल्या गंजक्या किल्ल्यांच्या डबीत टाकला होता, शोधायला वेळ लागला.

सुधारणाही झाल्या. आता आमच्याकडे चौथा पर्याय आहे. आत अडकला असाल तर चार दाबा. चार दाबल्यावर ओळख पटवण्यासाठी दाराबाहेर येऊन फोटो काढायला सांगितले जाते. हा पर्याय आजवर कुणी पूर्ण केलेला नाही, म्हणजे आत अडकणाऱ्यांचे प्रमाण शून्यावर आले आहे. आईंनी बाथरूमचे कुलूप काढून टाकायला लावले. त्या आता दाराला खुर्ची टेकवतात आणि आत भिंतीवर त्यांनी खडूने किल्लीमामांच्या घरचा नंबर लिहून ठेवला आहे. तो नंबर ढगात नाही. भाऊजी तो पुसून टाकतात, आई पुन्हा लिहितात.

तर असा हा परिचय. व्यावसायिक मंडळींनी तो वाचून आपापले धोंडे शोधावेत. ज्यांना हसू आले असेल त्यांनी खुशाल हसावे, मीही हसलो असतो. फक्त एक शंका आहे. हे वाचायला घेतल्यापासून तुमच्याही घरात आतल्या खोलीतून कुणीतरी एकदा हाक मारली. तुम्ही "हो, आलो" म्हणालात आणि जागचे हलला नाहीत. नंतर पुन्हा हाक आली नाही, म्हणून तुम्ही समजलात की काम झाले.

तुमची नोंद झाली आहे. प्रलंबित तक्रारी : शून्य.